धाप लागेपर्यंत

ट्रेडमिलबद्दल माझं मत वाईट होतं आणि चारचौघांत मी ते बोलूनही दाखवत असे. या यंत्राचा जन्मच तुरुंगातला, हा माझा हुकमी मुद्दा. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्लिश अभियंत्याने १८१८ च्या सुमारास कैद्यांना जुंपण्यासाठी पायऱ्यांचं फिरतं चाक तयार केलं, आणि पुढे १८९८ मध्ये ब्रिटनने ती शिक्षा बंद केली. कैद्यांनाही नको झालेली गोष्ट आपण हप्त्यांवर का आणायची, असं मी विचारायचे. समोरचे हसायचे, विषय संपायचा.

मी साताऱ्याची. पहाटे उठून अजिंक्यतारा चढायचा, वर पोचेपर्यंत धाप लागली पाहिजे, नाही लागली तर उगाच गेलो, हे आमच्या घरातलं व्यायामशास्त्र. लग्नानंतर दिल्लीशेजारच्या इंदिरापुरमला आले तेव्हा किल्ला मागे राहिला, पण धाप बरोबर आणली. स्वर्णजयंती पार्कात उजाडायच्या आत हजर, आणि चालणं म्हणजे जवळजवळ पळणंच.

पहिला धक्का या पहाटेलाच बसला. हिवाळ्यात इथे जमिनीलगतची हवा थंड असते, तिच्यावर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि रात्रभरचा धूर, धूळ खालीच कोंडून राहते. ऊन चढल्यावर हे झाकण सैल होतं, म्हणून दुपार त्यातल्या त्यात बरी. म्हणजे ‘ताजी हवा’ खायला मी निघत होते ती वेळ दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळांपैकी एक होती. त्यातून भरभर चालताना माणूस बसल्यापेक्षा कितीतरी पट जास्त हवा आत ओढतो. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा हवा निर्देशांक ४९० च्या पुढे गेला. मोजपट्टी ५०० ला संपते. दिल्लीची हाफ मॅरेथॉन पूर्वी नोव्हेंबरात व्हायची, २०१८ मध्ये ती ऑक्टोबरात आणली. पळणं ज्यांच्या रक्तात आहे त्यांनीही तारीख हलवली, मी मात्र हट्ट धरून होते.

यंत्र घरात आलं ते असं. आधी ते बाल्कनीत ठेवलं होतं, म्हणजे हवा बाहेरचीच, वर विजेचं बिल! मग ते झोपायच्या खोलीत, एअर प्युरिफायरशेजारी आणलं. आमच्या गेटवरचा चौकीदार रात्रभर त्याच हवेत उभा असतो, आणि प्युरिफायरचं बटण दाबताना ते मला खटकतं. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

पण जागा बदलली म्हणजे मत बदललं असं नाही. घरातही मी साताराच चढत होते: वेग वाढवायचा, घाम निथळला की उतरायचं. ते मत बदललं आमच्या ‘ह्यां’च्यामुळे. ह्यांना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळी आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर हृदयाची तपासणी, करायला सांगितली, तेव्हा मी सोबत गेले होते. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरने १९६३ मध्ये बसवलेली ही पद्धत: सुरुवात ताशी अवघ्या २.७ किलोमीटरने, पण १० टक्के चढावर. मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. दुसरा टप्पा ताशी चार किलोमीटरचा. ज्या वेगाला मी भाजी आणायला जाणं म्हणते, त्या वेगाला हे घामाघूम झाले. चढ काय करतो ते मी तिथे पाहिलं.

घरी आल्यावर आकडेमोड केली. सपाटीवर ताशी पाच किलोमीटरने चालायला जेवढा ऑक्सिजन लागतो, त्यापेक्षा पाच टक्के चढावर त्याच वेगाने चालायला दीडपटीहून जास्त लागतो. म्हणजे पळण्याची गरजच नाही. गुडघे वाचतात आणि खालच्या मजल्यावरच्या भाभीजी वर येत नाहीत. (मी पळायचे तेव्हा त्यांच्या छताचा पंखा थरथरायचा म्हणे.)

मग ठोक्यांचा हिशेब. कमाल ठोके काढायला २२० मधून वय वजा करा, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते १९७१ च्या एका लेखातून पसरलं आणि त्यामागे खास त्यासाठी केलेला अभ्यास नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. तनाका आणि सहकाऱ्यांचं २००१ चं सूत्र असं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. माझ्या चोपन्नाव्या वर्षी ते १७० येतं. पण तेही सरासरीचं. एखाद्याचा खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो. म्हणून फिनलंडच्या कार्वोनेन यांची १९५७ ची रीत मला पटली. सकाळी अंथरुणातच मोजलेले ठोके कमाल ठोक्यांतून वजा करायचे, उरलेल्या रकमेचे टक्के काढायचे आणि त्यात विश्रांतीचे ठोके परत मिळवायचे. माझे ६४. रक्कम १०६. तिच्या ४० ते ५९ टक्क्यांत, म्हणजे १०६ ते १२७ ठोक्यांत, मध्यम व्यायाम बसतो. आणि मी इतकी वर्षं रोज १५० च्या वर होते. दुपारी डोळे मिटायचे, आठवड्यातून एकदा तरी पाय धरायचे, आणि त्याला मी वय म्हणत होते.

ह्यांच्या बाबतीत हे सगळं गणित निकामी. गोळीमुळे ठोके वरच जात नाहीत; घड्याळ ९८ दाखवतं आणि माणूस धापा टाकत असतो. त्यांना डॉक्टरांनी आकडा नव्हे, बोलणं बघायला सांगितलं: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. हे चालत असताना मी खोलीत असले तर त्यांना महागाईवर बोलायला लावते. परीक्षा चोख होते.

आता आठवड्यातले चार दिवस चाळीस मिनिटं, त्यात सुरुवातीची आणि शेवटची पाच सपाटीवर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ती जवळपास इथेच भरतात. राहिलेली रविवारी निघतात. त्या दिवशी मी तीन-तीन मिनिटं १४५ च्या आसपास जाते, मधे तेवढीच विश्रांती. जुन्या सवयीला एवढी सूट. दांडी धरायची नाही, कारण अंगाचा भार हातांवर गेला की चढ नुसता पडद्यावर राहतो. उकाड्यात तोच वेग ठेवूनही ठोके हळूहळू वर सरकतात, तेव्हा वेग उतरवायचा, स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. तोल जाऊन आपण थांबलो तरी पट्टा थांबत नाही, म्हणून सेफ्टी की कपड्याला अडकवलेली बरी.

यंत्र कंटाळवाणं आहे, हे मत मी बदललेलं नाही. फेब्रुवारीअखेर हवा निवळते, तशी मी पार्कात जाते, पण आता घड्याळ बघून. १२७ झाले की पाय आवरते. मग मागून ओळखीच्या बायका येतात, ‘क्या हुआ दीदी, तबीयत ठीक नहीं?’ म्हणत भर्रकन पुढे निघून जातात, आणि ते अजून मला सहन होत नाही.