गळाआधी पट्टी

ग्लॅडस्टन हे क्वीन्सलँडमधलं कोळशाचं बंदर. खाणींतला कोळसा इथून जपानला, कोरियाला आणि आपल्याकडेही जातो. तो भरून घ्यायला आलेली जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून पाळीची वाट बघत असतात. एका संध्याकाळी ब्रिस्बेनचे मराठी मित्र आणि मी त्या जहाजांच्या मधून बाहेर पडलो. सुमारे दोनशे किलोमीटर आत, ग्रेट बॅरिअर रीफच्या दक्षिण टोकाकडे, स्वेन रीफ्स हा प्रवाळांचा प्रदेश आहे. तिथे काही दिवस बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं आणि मासे धरायचे, असा बेत होता. आमच्यातल्या मालवणच्या मित्राने बंदर सुटताच समुद्राला नारळ दिला. कप्तानाने टोपी काढून ते पाहिलं आणि मग सगळ्यांच्या सामानात केळी नाहीत ना, हे विचारून घेतलं. मासेमारीच्या बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, ही इथल्या दर्यावर्दींची पक्की समजूत आहे.

सकाळी डेकवर आलो आणि बघतच राहिलो. चहूकडे जमिनीचा ठिपका नाही, आणि भर समुद्रात लाटा फुटतायत! कोकणात लाट फुटताना दिसली की तिच्यामागे वाळू असते, माड असतात. इथे फुटणाऱ्या लाटेपलीकडे पुन्हा समुद्रच. गर्द निळं पाणी एकाएकी पोपटी होत होतं, मग फिकट, मग तपकिरी, आणि पुन्हा निळं. नकाशावर ही रीफ एका सलग भिंतीसारखी दिसते. प्रत्यक्षात २,३०० किलोमीटर पसरलेल्या सुमारे तीन हजार वेगवेगळ्या रीफ्स आहेत, आणि त्यांच्यामधून खोल पाण्याच्या गल्ल्या वाहतात. हे सगळं इवल्याशा जिवांनी बांधलेलं आहे, हे ठाऊक असूनही डोळ्यांना पटत नव्हतं.

मोठी बोट एका रीफच्या आडोशाला नांगरली. तिच्यामागे बांधून आणलेल्या छोट्या होड्यांना इथे डोरी म्हणतात. त्यांत बसून आम्ही रीफच्या कडेला जाणार होतो. पण गळ हातात देण्याआधी कप्तानाने प्रत्येकाच्या हातात मोजपट्टी दिली आणि टेबलावर रंगीत नकाशा पसरला. निळ्या भागात मासेमारी चालते. पिवळ्या भागात माणशी एकच दोरी आणि एकच गळ. हिरव्या भागात काहीही धरायचं नाही. हिरव्यातून बोट नेता येते, पण गळ-दोऱ्या आवरून ठेवायच्या. कुठलाही अधिकारी दोनशे किलोमीटरवर असताना हा माणूस नकाशावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा सांगत होता, की समोरची रीफ आपली, तिच्या पलीकडची नाही.

पहिला मोठा मासा लागला तो कोरल ट्राउट. आपल्या हेकरूच्या घराण्यातला. आमिषाला पेडव्यासारखी छोटी मासळी लावून शिसं तळाला टेकलं, आणि दोरीला असा हिसका बसला की तळहात भाजला. हा मासा गळाला लागताच खडपातल्या आपल्या बिळाकडे सूर मारतो. पहिल्या दोन-तीन वावांत त्याचं तोंड फिरवलं नाही, तर दोरी पोवळ्याला घासून तुटते. वर आला तेव्हा मी अवाक झालो. अंगभर शेंदरी रंग, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे निळे ठिपके. हातात असतानाच तो रंग उतरून फिका झाला, मग पुन्हा भडकला. पट्टीवर ठेवला. कायद्याने किमान ३८ सेंटिमीटर हवेत. हा थोडक्यात कमी भरला. पाण्यात सोडताच शेपटीचा फटकारा मारून गेला. या जातीचे मासे जन्मतात माद्या म्हणून आणि वाढल्यावर त्यांतले बरेच नर होतात. हाँगकाँगच्या हॉटेलांत तो जिवंत पोचवला जातो आणि तिथे त्याला मोठी किंमत येते. असा मासा पट्टीवर बोटभर कमी पडला म्हणून परत जातो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुपारनंतर शार्क आले. मित्राच्या दोरीला चांगला जड मासा होता. अर्ध्यावर येता येता दोरी एकदम जड झाली, मग हलकी, आणि वर आलं नुसतं डोकं, कल्ल्यांपाशी कापलेलं. खलाशी म्हणाला, टॅक्स भरला. इथे शार्कला ‘टॅक्समन’च म्हणतात. तो दुसऱ्यांदा आला की जागा बदलायची. त्याला माशांवर पोसायचं नाही. त्याच जागी मोठ्या बोटीला खेटून एक समुद्रसर्प श्वास घ्यायला वर आला. जाड, पिवळसर, जबर विषारी. निवांत डोकं वर धरून आमच्याकडे बघितलं आणि खाली गेला. स्वेन रीफ्सवर हे पुष्कळ आहेत.

आणि मग तिन्हीसांजेच्या सुमारास सुरमई! ओढत नेलेल्या आमिषावर ती पडली तेव्हा मालवणचा मित्र ओरडला, “अरे, ही तर आपलीच!” खरंच आपलीच. मालवणच्या बाजारात मिळते तीच जात, फक्त इथे ७५ सेंटिमीटरच्या आतली ठेवता येत नाही, आणि २०२३पासून माणशी एकच. शिवाय फार मोठी सुरमई इथले जाणते लोक खात नाहीत. रीफवरच्या एका सूक्ष्म शेवाळात सिगुआटेराचं विष असतं. ते छोट्या माशांतून मोठ्यांत साठत जातं, आणि शिजवून, तळून, गोठवून, कशानेही जात नाही. ते बाधलं की थंड पाणी हाताला पोळतं. आमची सुरमई मध्यम होती. ब्रिस्बेनहून आणलेलं आगळ आणि मालवणी मसाला लावून तुकड्या तळल्या. कप्तानाने दोनदा मागून घेतल्या.

रात्री जेवणानंतर मी हिरव्या रंगाचा विषय काढला. २००४पूर्वी ग्रेट बॅरिअर रीफ मरीन पार्कचा पाच टक्क्यांहून कमी भाग पूर्ण बंद होता. त्या वर्षी तो तेहतीस टक्के झाला. मच्छीमार चिडले होते, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना सरकारने भरपाई दिली. पुढे ग्लॅडस्टनच्या उत्तरेला केपल बेटांपाशी संशोधकांनी माशांच्या पिल्लांचे आईबाप डीएनएवरून शोधले. तिथल्या रीफचा जेमतेम २८ टक्के भाग बंद आहे, पण तीस किलोमीटरच्या परिसरातली सुमारे निम्मी पिल्लं त्या बंद भागातल्या माशांची निघाली. म्हणजे निळ्यातला बराच मासा हिरव्यातून येतो. याला मी चमत्कार म्हणेन. पाण्यात ना कुंपण, ना खांब. तरी रेघेच्या पलीकडची मासळी विते आणि अलीकडच्यांना पुरते. २०२४च्या उष्म्यात दक्षिणेकडची पोवळीही पांढरी पडली, आणि उष्म्याला नकाशावरची रेघ अडवत नाही. त्याची काळजी कप्तानाच्या बोलण्यात सारखी येत होती.

मालवणचा मित्र बराच वेळ गप्प होता. त्याच्या मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रालाही १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर केलं गेलं, सुमारे २९ चौरस किलोमीटर. गावातल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. मला वाटतं, मालवणातली चूक रेघ आखण्यात नव्हती. ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात, त्यांना हाताशी घेऊन ती आखली गेली नाही.

परतताना आग्नेयेचा वारा चढला आणि बोट रात्रभर आदळत राहिली. ग्लॅडस्टनला उतरल्यावर मित्राने गळ-दोऱ्यांच्या दुकानातून तो रंगीत नकाशा मिळवला. तिथे तो फुकट देतात. गावी भावाची होडी आहे, त्याला त्याने धक्क्यावरूनच फोन लावला. भावाने आधी विचारलं, एवढ्या समुद्रावर पहारा कोण करतं? मित्राने सांगितलं, धंद्याच्या बोटींवर माग काढणारं यंत्र बसवावं लागतं, गस्तीची विमानं फिरतात. मग भावाने विचारलं, हे आखताना तिथल्या लोकांना विचारलं होतं काय? विचारलं होतं, मित्र म्हणाला. लोकांकडून एकतीस हजारांहून जास्त निवेदनं आली होती, आणि ती वाचून नकाशाच्या रेघा बदलल्या गेल्या.