ड्रायव्हर मागं, कंडक्टर पुढं

जंगलात जायचं तर सगळ्यात आधी काय लागतं? बूट? टॉर्च? ओडोमॉस? छे! सगळ्यात आधी लागतं कॅलेंडर. आणि गजर.

म्हणजे असं बघा, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात अल्गॉन्क्विन नावाचं एक अवाढव्य राखीव जंगल आहे. १८९३ साली स्थापन झालेलं. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे जवळजवळ पाऊण सातारा जिल्हा! आत शेकडो तळी आणि त्यांना जोडणारे दोन हजार किलोमीटरचे होडीचे मार्ग. टोरांटोहून गाडीनं तीनेक तास. त्यामुळे सगळं शहर तिथं लोटतं. मुक्कामाच्या जागेचं बुकिंग बरोब्बर पाच महिने आधी, सकाळी सात वाजता उघडतं आणि चांगल्या जागा चहा उकळेपर्यंत संपतात. आम्हाला जायचंय १४ सप्टेंबरला. म्हणून १४ एप्रिलला पावणेसातलाच मी आणि नवरा दोन लॅपटॉप उघडून बसलो होतो. तत्काळ तिकिटाचा अनुभव अशा वेळी फार उपयोगी पडतो!

सप्टेंबरच का? कारण मे-जूनमध्ये तिथं काळ्या माश्या माणसाला फोडून काढतात, मग डासांची पाळी येते. सप्टेंबरात दोन्ही निवळतात, शाळा उघडल्यानं गर्दी ओसरते आणि मेपलची पानं लाल व्हायला लागतात. रात्री मात्र चांगलीच थंडी. आणि सप्टेंबरात आई-बाबा आमच्याकडे असणार आहेत.

इथं खरी गोष्ट सुरू होते.

परदेशातल्या मुलांकडे येणाऱ्या आई-बाबांचा एक ठरलेला कोर्स असतो. नायगारा, सीएन टॉवर, देऊळ, मॉल, मग महिनाभर गॅलरीतून बर्फाची वाट बघणं. आमच्याकडे हा कोर्स मागच्या खेपेलाच पूर्ण झाला. या खेपेला फोनवर बाबा म्हणाले, "तुम्ही दोघं दर उन्हाळ्यात होडी घेऊन जाता ना, तिथं ने मला."

बाबा एकाहत्तर वर्षांचे. वाईचे. एसटीत आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. लहानपणी पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेले. आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आईचे गुडघे दुखतात आणि होडी या विषयावर तिचं मत एका वाक्याचं आहे: "मी काठावर बरी."

आता करा प्लॅनिंग!

आईचा प्रश्न मोटरहोमनं सोडवला. मोटरहोम म्हणजे चाकांवरचा वन रूम किचन. पलंग, शेगडी, फ्रिज, हीटर आणि मुख्य म्हणजे कमोड. पंचवीस फुटी मोटरहोम ओंटारिओत साध्या कारच्या लायसनवर चालवता येते. भाड्यानं घेताना मात्र तीन गोष्टी नीट विचारायच्या: दिवसाला किती किलोमीटर फुकट, जनरेटरचे पैसे वेगळे का आणि विम्यात काय काय धरलंय. सांडपाण्याची एक टाकी आणि संडासाची दुसरी, दोन्ही ठरलेल्या जागी स्वतःच्या हातानं रिकाम्या करायच्या. हे काम नवऱ्याकडे गेलंय. आम्ही म्यू लेकची जागा घेतली, कारण तिथं मोटरहोमला विजेचं कनेक्शन मिळतं. गाडी जागेवर लावताना मागं एक माणूस उभा लागतो. बाबा म्हणाले, "ते माझ्याकडे. येऊ द्या, येऊ द्या, बास! चाळीस वर्षं तेच केलंय."

इथपर्यंत सगळं मजेत. गाडीत काय, सगळं मावतं. प्रेशर कुकर मावतो, पोळपाट-लाटणं मावतं, आईची देवपूजासुद्धा मावते.

कनूचं तसं नाही. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, उघडी, हलकी होडी. इथल्या आदिवासींनी ती भूर्जाच्या सालीपासून बनवली, कारण एक तळं संपलं की ती डोक्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालावं लागतं. याला म्हणतात पोर्टेज. आजची चांगली केवलारची होडी वीसेक किलोची असते, त्यात तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा. जे न्याल ते खांद्यावर. डबे आणि काचेच्या बाटल्या आतल्या भागात न्यायला बंदीच आहे, म्हणून लोणचं प्लॅस्टिकच्या बरणीत. अस्वलं असल्यानं रात्री सगळं खाणं झाडाला उंच टांगायचं. या सगळ्यात बसणारं एकच खाणं मला सापडलंय, ते म्हणजे थालीपिठाची भाजणी. हलकी, कोरडी, टिकाऊ. आपल्या आज्या एक नंबरच्या कॅम्पर होत्या, दुसरं काय!

पण बाबांच्या हृदयाचं वजन कशात मोजायचं?

माझा पहिला प्लॅन सोपा होता. दिवसा कनू लेकवर तासभर बाबांना फिरवायचं. मग आम्ही आत एक रात्र राहायचं आणि बाबांनी आईबरोबर मोटरहोममध्ये थांबायचं. कारणंही तयार होती. म्यू लेकहून हंटस्विलचं हॉस्पिटल तासाभरावर. आतल्या तळ्यांवर मोबाइलची रेंज नाही. कनू लेकवरच टॉम थॉमसन हा कॅनडाचा मोठा चित्रकार १९१७ मध्ये बुडून गेला, आणि तो तर होडीतला सराईत माणूस होता. हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर एक्सेल शीट दाखवून सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, हृदय माझं आहे ना? त्याला कुठवर न्यायचं ते मी नि डॉक्टर ठरवू. तू होडीचं बघ."

मला राग आला. आपण एवढ्या काळजीनं करतोय आणि हे असं! नवरा भांडी घासता घासता म्हणाला, "तू त्यांच्यासाठी प्लॅन करत्येस. त्यांच्याबरोबर कर की." मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्याच आठवड्यात बाबा साताऱ्याला त्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. स्ट्रेस टेस्ट करून घेतली, चक्क कागदावर लिहून आणलं. चालायला हरकत नाही, हलकं वल्हवायला हरकत नाही, वजन उचलायचं नाही, पोर्टेज बंद. मग आम्ही दोघांनी मिळून नकाशा उघडला. एक वाईत, एक मिसिसागात. पोर्टेज न करता कुठं पोचता येईल? उत्तर निघालं ओपिओंगो. अल्गॉन्क्विनमधलं सगळ्यात मोठं तळं. तिथं वॉटर टॅक्सी मिळते. मोटरबोटच्या टपावर कनू बांधतात आणि तुम्हाला थेट आतल्या मुक्कामावर सोडतात. खांद्यावर काही नाही. टपावर सामान म्हटल्यावर बाबा खूश!

पण ओपिओंगोला वाऱ्याची खोड आहे. दुपारी लाटा उठतात आणि सप्टेंबरात पाणी गार असतं. म्हणून अटी घातल्या. वल्हवायचं ते सकाळी आणि किनारा धरून. दरवर्षी आत जाणारं एक मित्र जोडपं दुसऱ्या होडीत बरोबर. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र माझ्या खिशात, गोळ्यांचा एक संच बाबांच्या खिशात, दुसरा माझ्या. प्रवासाच्या विम्यात आधीच्या आजारांची ओळ बारीक अक्षरात असते. आजार अमुक दिवस स्थिर असला पाहिजे, मध्ये गोळीचा डोस बदलला तरी अडचण. ती ओळ वाचूनच पॉलिसी घेतली. तुमचे आई-बाबा येणार असतील तर तेवढी ओळ तरी वाचाच. शेवटची अट बाबांनी स्वतः घातली. "वारा असला तर मी काठावर बसेन. तेव्हा मला चल म्हणायचं नाही."

त्या रात्री आई आणि नवरा मोटरहोममध्ये. दोघं रमी खेळणार आहेत म्हणे.

मग बसायचं कसं ते ठरलं. कनूत दिशा देणारा मागं बसतो, पुढचा नुसता जोर लावतो आणि समोर काय आहे ते सांगतो. मागं मी, पुढं बाबा. त्यांना हे पटायला वेळ लागला. "म्हणजे ड्रायव्हर मागं आणि कंडक्टर पुढं? उलटंच की!" बावीस वर्षं मला मागच्या सीटवर बसवून स्कूटरवरून नेलेल्या माणसाला मी मागून वळवणार, याची मलाच थोडी धास्ती वाटतेय. त्यांना वाटत नाहीये. त्यांनी एवढंच विचारलं, "तंबूतून रात्री पाणी दिसतं का?"

दिसतं, बाबा.

काल रात्री त्यांना नियमांची यादी पाठवली. प्रत्येकी एक लाइफ जॅकेट (आमच्याकडे ते अंगात घालायची सक्ती), तरंगणारी १५ मीटर दोरी, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी. पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं.

"जॅकेट म्हणजे भोपळाच की. चालेल. शिट्टी विकत घेऊ नका, डेपोतली माझी आणतोय."