दारामागची ओढणी

आमच्या घराच्या दारामागे खुंटीला एक ओढणी टांगलेली असते. फिकट निळी, धुऊन धुऊन विरलेली, कुठल्याच ड्रेसवरची नसलेली. बेल वाजली की माझा हात आधी तिच्याकडे जातो, मग लॅचकडे. कुरिअरवाला असो, इस्त्रीवाला असो, मेंटेनन्सची पावती घेऊन आलेले वरच्या मजल्यावरचे काका असोत. चेंबूरच्या सुभाषनगरात हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्यांत मी वाढले, तिथेही दारामागे अशी एक होती. आई गाऊनवर असली की आतूनच ओरडायची, “अगं थांब, उघडू नकोस, ओढणी दे आधी.” पुढे घर बदललं, कडी जाऊन लॅच आलं, ओढणी मात्र सामानाबरोबर आली. चेंबूरमधल्या कितीतरी बायकांना ही खुंटी न सांगता समजेल.

ती ओढणी लागते, कारण घरी आल्यावर मी ब्रा काढून टाकते. हार्बरच्या गाडीतून लोंबकळत यायचं, कुर्ल्याला अंग चेपून घ्यायचं, चेंबूरला उतरून पूल चढायचा, आणि घरात शिरल्यावर पाण्याच्या ग्लासाआधी पाठीवरचा हुक. मे महिन्यात आरशात पाठ वळवून पाहिलं तर इलॅस्टिकची वीणसुद्धा कातडीवर उमटलेली दिसते, बारीक नागमोडी. मणक्यावर हुकाचा खळगा, खांद्यांवर दोन लाल रेघा, आणि छातीखालच्या घडीत घामोळ्यांचा पट्टा. तिथे पावडर लावताना दर वेळी वाटतं, हे मी नक्की कोणासाठी करते? कारण सगळ्याच वेळी माझ्यासाठी करत नाही, हे मला माहीत आहे. जिना उतरताना, गाडी पकडायला धावताना मला तिचा आधार हवासा वाटतो. पण आठ तास खुर्चीत बसून काम करताना तिचं काम फक्त एकच असतं, समोरच्याला काही जाणवू नये.

मार्च 2020 नंतर घरून काम सुरू झालं आणि माझ्यासारख्या कित्येकींना हे पहिल्यांदा नीट उमगलं. मीटिंगच्या कॅमेऱ्यात खांद्यांखालचं काही दिसत नव्हतं. महिनेच्या महिने ब्रा कपाटात पडून राहिल्या. काही बिघडलं नाही. कामही तेवढंच झालं.

त्याच काळात, जुलै 2021 मध्ये, अभिनेत्री हेमांगी कवी यांनी पोळ्या लाटतानाचा एक साधा व्हिडिओ टाकला. बघणाऱ्यांतल्या अनेकांना पोळी दिसलीच नाही. बाईने आत ब्रा घातली आहे की नाही, यावरच शेरेबाजी झाली. त्यावर त्यांनी ‘बाई, बुब्स आणि ब्रा’ अशा मथळ्याची लांब पोस्ट लिहिली. घालायची की नाही हा जिचा तिचा प्रश्न आहे, असं त्यांनी सरळ म्हटलं. मराठीत, स्वतःच्या नावानिशी, सगळ्यांसमोर. मला त्या लेखनातलं धैर्य जितकं भावलं, तितकीच खाली आलेली बायकांची उत्तरंही. इतकी वर्षं आपण सगळ्या एकाच गोष्टीबद्दल गप्प होतो, हे तेव्हा कळलं.

माझी आजी नऊवारी नेसायची आणि खणाची चोळी घालायची. खण गुळेदगुडचा, काठ बारीक. चोळी पुढून उघडी आणि खाली दोन टोकांची गाठ. लहानपणी मी तिच्या शेजारी झोपायचे तेव्हा त्या गाठीशी खेळायचे. जेवण झाल्यावर ती गाठ थोडी सैल करायची, दळण-निवडण करायला बसताना पुन्हा आवळायची. तिने ब्रा कधी अंगाला लावली नाही आणि तिला कुणी अघळपघळ म्हटल्याचं मला आठवत नाही. मर्यादा तिच्याही काळी होती, आणि ती कडकच होती: डोक्यावरून पदर, मोठ्यांसमोर उभं राहायचं नाही. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. पण किती आवळायचं ते तिच्या स्वतःच्या बोटांना माहीत होतं. आईच्या पिढीत पांढरी सुती ‘बॉडी’ आली. माझ्यापाशी पोचेपर्यंत तिला फोम लागला, तार लागली, नंबर लागला. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी दोन रुमाल आणि रिबन जोडून केलेल्या ब्राचं पेटंट 1914 सालचं, आणि ए-बी-सी-डी ही मापं आली 1932 मध्ये. म्हणजे जी गोष्ट आपण बाईपणाचा अनादी नियम मानतो, ती माझ्या आजीच्या जन्माच्या आसपासची.

आईने मला पहिली ब्रा स्टेशनजवळच्या बाजारातून आणली. मी बरोबर होते, पण दुकानाच्या पायरीखाली उभी. काउंटरपलीकडच्या माणसाने लांबूनच माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “बत्तीस बसेल.” टेपने मापलं नाही, विचारलं नाही. पेटी वर्तमानपत्रात गुंडाळली, वर काळी पिशवी. ती बत्तीस मला काचत होती, हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण काचतं ते तसंच असतं असं मला वाटलं. पुढे 2013 साली मुंबई महापालिकेत, घाटकोपरच्या एका नगरसेविकेच्या मागणीवरून, दुकानांबाहेरच्या अंतर्वस्त्रं घातलेल्या पुतळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव झाला. ते पाहून पुरुषांची मनं बिघडतात, असं त्यामागचं म्हणणं. वाचताना मला ती पायरी आठवली. पुतळ्याची एवढी चर्चा झाली, आणि दुकानात शिरायला लाजणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीची कधीच नाही.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. ‘नाही घालत, जा’ हे म्हणणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या ब्राचा पट्टा सेफ्टी पिनने टाचलेला असतो, पण त्या ती घातल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. त्यांचा छोटा बटवा, घराची चावी, सगळं तिथेच. चार घरच्या पुरुषांसमोर वाकून लादी पुसायची असते, तेव्हा ती त्यांची ढाल असते. आणि अंग झाकायला मिळणं हाच जिथे लढा होता, तो इतिहासही आपलाच आहे. त्रावणकोरात नाडर बायकांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक दशकं मार खाल्ला, तेव्हा कुठे 1859 साली तिथल्या राजाने ती परवानगी दिली. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं, की नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुमची जात ओळखली जाते ती सोडा, सवर्ण बायकांसारखी लुगडी नेसा. चेंबूरच्या आंबेडकर उद्यानावरून जाताना मला हे नेहमी आठवतं. कपडा कधी सक्ती असतो, कधी हक्क. दोन्ही वेळा मला एकच विचारावंसं वाटतं, ठरवलं कुणी?

या प्रश्नाचं सगळ्यात विदारक उत्तर मला 17 जुलै 2022 ला मिळालं. केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यात नीट परीक्षेच्या एका केंद्रावर, हुक धातूचे आहेत म्हणून मुलींना ब्रा काढून ठेवायला लावल्या. डॉक्टर व्हायला निघालेल्या त्या मुली केस पुढे घेऊन, छाती झाकत पेपर सोडवत बसल्या. एरवी जी घातली नाही तर बेशिस्त, ती त्या दिवशी घातली म्हणून नियमभंग. त्या मुलींना सप्टेंबरमध्ये पुन्हा परीक्षेची संधी देण्यात आली. त्या तीन तास वीस मिनिटांचं काय, ते त्यांनाच ठाऊक.

‘नाही घातली तर सैल पडतात,’ हे आईने मला सांगितलं, तिला तिच्या आईने नक्कीच सांगितलं नसणार. स्तनात स्नायू नसतात. चरबी, ग्रंथी, त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि वरची त्वचा. वय, बाळंतपणं, वजनाचे चढउतार यांनी त्यांचा आकार बदलतो, आणि ब्रा ते थांबवते असा पुरावा नाही. ब्रामुळे कॅन्सर होतो हेही खरं नाही, तेव्हा ती भीतीही कुणी घालू नये. जिचे स्तन जड आहेत तिच्या मानेला आणि पाठीला नीट मापाच्या ब्राने खरोखर आराम पडतो. पळताना तर आधार हवाच. 1977 मध्ये अमेरिकेत तीन बायकांनी पहिली स्पोर्ट्स ब्रा शिवली ती धावणाऱ्या बाईच्या दुखण्यातूनच. दुखतं म्हणून घालणं आणि दिसतं म्हणून घालणं, यांत फार अंतर आहे. माझ्या आयुष्यातले बहुतेक तास दुसऱ्या खात्यात गेले.

माझी लेक यंदा तेरा वर्षांची होईल. परवा बेल वाजली. ती टी-शर्टवर होती, सरळ गेली, दार उघडलं, पार्सल घेतलं, सही केली, दार लावलं. खुंटीकडे तिने पाहिलंही नाही. माझ्या घशापर्यंत आलं होतं, “अगं, ओढणी…” मी ते गिळलं. आईचा आवाज माझ्या गळ्यातून निघताना मी पहिल्यांदाच अडवला.

घालायची की नाही, कधी, किती वेळ, हे तिचं तीच ठरवेल. मला तिच्यासाठी जे करता येण्यासारखं आहे ते मी सुरू केलं आहे. मागच्या महिन्यात टेप घेऊन तिला मापायला शिकवलं, छातीखालून आणि छातीवरून, इंचांत. काचलं तर सांगायचं, हेही सांगितलं. आणि एक गोष्ट, जी मी प्रत्येक आईला कळवळून सांगेन. आमच्या घरात इतकी वर्षं ब्रा टॉवेलाखाली वाळत पडायच्या, समोरच्या इमारतीला दिसू नयेत म्हणून. मुंबईच्या पावसाळ्यात त्या कधीच पुऱ्या सुकायच्या नाहीत, आणि तीच दमट ब्रा सकाळी अंगावर चढायची. छातीखालची ती खाज, ते चट्टे आईने जन्मभर सोसले, मीही सोसले. तुमच्या मुलीची ब्रा दोरीवर वाळत घाला. उन्हात, चिमटा लावून, वर टॉवेल न टाकता.