घरी राहिलेला माणूस

हॉलिवूडचा नट जेम्स स्टुअर्ट याला फेब्रुवारी १९४१ मध्ये 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी ऑस्कर मिळालं. वडिलांनी ती बाहुली पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या काचेत मांडली. महिनाभरात लेक साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती! पर्ल हार्बरवरचा हल्ला अजून व्हायचा होता. आधी वजन कमी भरलं म्हणून परत पाठवलं होतं, तर हा काडी पहिलवान खाऊनपिऊन पुन्हा उभा राहिला.

विमान चालवण्याचा परवाना त्याच्याकडे होताच. सैन्याला मात्र तो प्रचारापुरता पुरे होता. त्याने पिच्छा सोडला नाही. १९४३ च्या नोव्हेंबरात, पस्तिशीत, तो इंग्लंडात टिबनमच्या तळावर बी-२४ बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचा प्रमुख म्हणून पोचला. विमानात दहा माणसं, हाडं गोठवणारी थंडी, खालून तोफांचा मारा. अशा वीस मोहिमा. १९४५ मध्ये तो कर्नल होऊन परतला आणि या कामगिरीची जाहिरात करायची नाही, असं त्याने स्टुडिओला बजावलं.

पहिली भूमिका कोणती घ्यावी त्याने? 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधला जॉर्ज बेली! एका कानाने बहिरा म्हणून सैन्याने नाकारलेला, गावातच अडकलेला. वैमानिक होऊन पदक मिळवतो तो त्याचा धाकटा भाऊ. खरा वैमानिक इकडे भंगार गोळा करत हिंडतो. नाताळचा गोड सिनेमा म्हणून लोक तो बघतात. मला त्यातला संताप आठवतो. जॉर्ज घरात, पोरांसमोर, स्वतः बनवलेल्या पुलाचा नमुना लाथाडतो. दारूच्या गुत्त्यात देवाची करुणा भाकताना त्याचा चेहरा असा कोसळतो की आपणच नजर वळवावी. याचं सगळं श्रेय युद्धाला द्यायचा मोह मला होतो. आवरतो. रडणं हे नटाचं कामच आहे. पण १९३९ चा 'मिस्टर स्मिथ' बघा: तिथेही तो घसा बसेपर्यंत झगडतो, तरी तो मुलगा वाटतो. हा मुलगा नाही.

पुढे अँथनी मानच्या वेस्टर्नपटांत हाच संताप उघडा पडला. त्याच मानच्या 'स्ट्रॅटेजिक एअर कमांड'मध्ये, १९५५ साली, त्याने पडद्यावर हवाई दलाचा गणवेश चढवला, आणि सिनेमा निघाला सपक. विमानंच काय ती देखणी. हिचकॉकने त्याला बरोबर हेरलं. आधी 'रिअर विंडो'त पाय मोडून खिडकीशी बसवलं, मग १९५८ च्या 'व्हर्टिगो'त उंचीला घाबरणारा पोलीस केला. पुढच्याच वर्षी हा पोलीस राखीव हवाई दलात ब्रिगेडियर जनरल झाला.