उतू गेलेला पिवळा

भात उतू गेला की गॅस बारीक करायच्या आधी मी ज्योतीकडे बघतो. मिठाचं पाणी बर्नरवर सांडतं आणि निळी ज्योत भप्पकन पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा एक इलेक्ट्रॉन आचेने वरच्या पायरीवर चढतो, तिथे न करमल्यासारखा लगेच खाली उतरतो आणि उतरताना हा पिवळा उधळतो. वरच्या पायरीचं नाव पी, खालचीचं एस.

शाळेच्या भिंतीवरच्या आवर्तसारणीत एस, पी, डी, एफ हे चार खंड चार रंगांत होते. सरळ ए, बी, सी, डी का नाही, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. ही अक्षरं आली वर्णपटातून. तिथल्या रेषा जशा दिसल्या तशी अभ्यासकांनी त्यांना नावं दिली: रेखीव ती शार्प, ठळक ती प्रिन्सिपल, विसविशीत कडांची ती डिफ्यूज. फंडामेंटल मागून आली. पहिली तिन्ही नावं १८९७ च्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याच्या आधीची. गावात पाऊल न ठेवता, रात्री लांबून दिसणाऱ्या दिव्यांवरून वाड्यांची नावं पडावीत, तसं झालं.

वाड्यांतल्या इलेक्ट्रॉनच्या जागा पुढे मोजल्या गेल्या. एसमध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १०, एफमध्ये १४. तितकेच त्या त्या खंडाचे उभे रकाने. शेवटचा इलेक्ट्रॉन जिथे मुक्कामाला, तो मूलद्रव्याचा खंड. चिमूटभर मिठात सोडियम एसचा, क्लोरिन पीचा. लोखंडी तवा नि तांब्याचा गडू डीच्या घरचे. एफची पंगत तळाशी वेगळी मांडतात, कारण कागदाची रुंदी पुरत नाही.

हेलियमचं मात्र निराळं. त्याचे इलेक्ट्रॉन दोनच, दोन्ही एसमधले. पण कुणात मिसळायचा स्वभाव नाही, म्हणून पान मांडलंय पीच्या टोकाला, निऑनच्या डोक्यावर.

त्याची ओळखही पिवळ्यानेच पटली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून पुढे गुंटूरकडे सरकली. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत निरीक्षकांना एक पिवळी रेघ दिसली. आधी ती सोडियमचीच वाटली. नीट मोजल्यावर कळलं, ती किंचित बाजूला आहे. सोडियमची ५८९ नॅनोमीटर, हिची ५८७.६. तेवढ्याशा फटीतून हेलियम आला.