धक्क्यावरचे खेकडे

मे महिना उजाडला की आमच्या वसईत घरोघरी एक प्रश्न हमखास ऐकू येतो: आता दोन महिने या मुलांचे करायचे काय? तीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे आणि दोन मुले वाढवल्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही अंगांनी अनुभवला आहे. तोच प्रश्न २०२३ सालच्या जून महिन्यात नॉर्वे देशातील ग्रिमस्टाड या गावी मी माझ्या मुलीला विचारला. ती म्हणाली, "आई, त्यांचे काय करायचे ते त्यांना ठाऊक आहे. तू फक्त डबे भर."

ग्रिमस्टाड हे नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, स्कागेराक समुद्राकाठचे छोटे बंदर. पांढऱ्या रंगाची लाकडी घरे, त्यांच्यामधून वळणे घेत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, आणि समोर पाण्यात विखुरलेली असंख्य खडकाळ बेटे. माझी मुलगी तेथे अभियंता आहे. नात तेरा वर्षांची आणि नातू नऊ वर्षांचा. तेथील शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बंद होतात, त्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्या दिवसांत रात्री साडेदहा वाजेपर्यंत उजेड असतो. मुलांना झोपवायचे कसे, ही तेथील आयांची खरी चिंता.

डबा म्हणजे पावाच्या चार चकत्या, त्यांवर गोडसर तपकिरी चीजचे पातळ काप, आणि वर कागदाची घडी. माझ्यासारख्या स्वयंपाकात हयात घालवलेल्या बाईला हा डबा भरताना लाज वाटे. मुले मात्र तो घेऊन सकाळी जी बाहेर पडत, ती भूक लागल्याशिवाय परतत नसत.

पहिल्याच आठवड्यात नातवाने मला धक्क्यावर नेले. त्याच्या हातात एक दोरा, कपडे वाळत घालायचा एक चिमटा आणि प्लास्टिकची बादली. धक्क्याच्या खांबाला चिकटलेला एक शिंपला त्याने उपटला, दगडाने ठेचला आणि चिमट्यात पकडून दोऱ्याने पाण्यात सोडला. गळ नाही, काटा नाही. थोड्या वेळाने एक हिरवट खेकडा येऊन त्या मांसाला बिलगला. खेकडा हावरा, एकदा धरले की सोडत नाही, आणि त्याच हट्टापायी वर येतो. मात्र दोरा हळूहळू ओढावा लागतो. मी घाई केली आणि माझे तीन खेकडे निसटले. नातवाने मान हलवली. बोलला काहीच नाही. शिक्षकाने विद्यार्थ्यावर रागावू नये हे त्याला कोणी शिकवले कोण जाणे!

दुपारपर्यंत बादलीत एकोणीस खेकडे जमले. माझ्या मनात अर्थातच चिंबोरीचे कालवण शिजू लागले होते. पण सायंकाळी आणखी चार मुले आपापल्या बादल्या घेऊन आली, उताराच्या खडकावर खडूने एक रेघ ओढली गेली आणि सगळ्या बादल्या एकदम पालथ्या झाल्या. खेकडे तिरके धावत पाण्याकडे निघाले. ज्याचा खेकडा आधी समुद्रात पोहोचला तो जिंकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खेकडे, तोच चिमटा. एवढी मेहनत करून पकडलेले असे सोडून देताना पाहून माझ्यातील वसईकरीण हळहळली, हे कबूल केले पाहिजे.

तेवीस जूनच्या संध्याकाळी किनाऱ्यावर मोठी होळी पेटली. दुसऱ्या दिवशी संत योहान बाप्तिस्त्याचा सण. नॉर्वेत तो 'सांक्तहान्स' या नावाने ओळखला जातो, आणि धर्माचे फारसे नाव न घेताही लोक आदल्या रात्री जाळ पेटवतात. पंधरा एप्रिल ते पंधरा सप्टेंबर रानात वा रानाजवळ विस्तव करण्यास मनाई असल्यामुळे हे सारे पाण्याच्या अगदी कडेला चालते. गोव्यात याच सणाला मुले डोक्यावर फुलांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, असे मी नातीला सांगितले. ती म्हणाली, "मग आम्हीपण उड्याच मारतो, आजी. फक्त विहीर नाही." मी गप्प झाले.

वाचकहो, मी गप्प का झाले ते सांगायलाच हवे. १९६९ साली, सुट्टी संपता संपता, पहिल्या पावसाने बावखलाचा काठ निसरडा झाला होता. माझा दहा वर्षांचा भाऊ तेथे पाय घसरून पडला. मी बारा वर्षांची होते आणि काठावर होते. मला पोहता येत नव्हते. मुलींनी पाण्यात उतरण्याची आमच्या घरी रीत नव्हती. त्यानंतर पाण्याचे नाव आमच्या घरात कोणी घेतले नाही. पुढे मीही माझ्या मुलीला समुद्राच्या लाटेत घोट्यापलीकडे कधी जाऊ दिले नाही. ती पोहायला शिकली वयाच्या एकतिसाव्या वर्षी, नॉर्वेत, परदेशातून आलेल्या बायकांसाठी चालणाऱ्या वर्गात. हे तिने मला पत्रात कळवले नव्हते. मला ते तेथे गेल्यावर समजले.

जुलै लागला आणि गाव भरले. त्या महिन्यात तीन आठवडे कारखाने, कार्यालये जवळजवळ मिटतात. तिला ते 'सर्वांची एकत्र सुट्टी' म्हणतात. १९४७ च्या कायद्याने कामगारांना तीन आठवड्यांची रजा मिळाली. आज कायद्याने ती चार आठवडे आणि एक दिवस आहे. बहुतेकांना करारामुळे पाच आठवडे मिळतात. हिवाळ्यात मिटून बसलेले बंदर होड्यांनी इतके दाटते की एका होडीतून दुसरीत पाय टाकत धक्क्यावर यावे लागते. मुले शिडाच्या इवल्या होड्या चालवायला शिकतात. कोणी टोपल्यांतून स्ट्रॉबेरी विकते. तेरा वर्षे पूर्ण झाली की हलकी कामे करण्याची मुभा आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे मोकळ्या जमिनीवर कोणालाही हिंडता येते, आणि घरापासून दीडशे मीटर दूर राहून तंबूही ठोकता येतो. पाऊस आला तर ग्रंथालय असतेच. वाचलेल्या पुस्तकांची नोंद करून गुण मिळवण्याचा मुलांचा खेळ तेथे सारा उन्हाळा चालतो.

अशाच एका पावसाळी दिवशी नातीने मला इब्सेनचे घर दाखवले. थोर नाटककार हेन्‍रिक इब्सेन १८४४ च्या जानेवारीत या गावी आला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. औषधाच्या दुकानात उमेदवारी करण्यासाठी आला आणि १८५० पर्यंत राहिला. रात्री दुकानाची घंटा वाजली की उठून औषध द्यायचे, आणि उरलेल्या रात्रीत अभ्यास व लेखन. त्याला सुट्टी कसली? पुढे त्याने याच किनाऱ्यावरच्या एका खलाशावर दीर्घ कविता लिहिली: तेर्ये विगेन. इंग्रजी आरमाराने धान्याची वाट अडवलेली, घरी बायको आणि तान्ही मुलगी उपाशी, म्हणून तो होडी वल्हवत डेन्मार्कला जातो आणि सातू घेऊन परतताना पकडला जातो. १८१४ मध्ये तो कैदेतून सुटून येतो तेव्हा दोघी उरलेल्या नसतात. नातीने ही कथा मला सोप्या मराठीत, अडखळत सांगितली. नंतर म्हणाली, "उद्या हवा चांगली आहे. आम्ही खडकावरून उडी मारणार. तू येशील?"

तो खडक पाण्यापासून दोन पुरुष उंच होता. रात्री मी मुलीशी भांडले. "तू आई आहेस की कोण?" असे काहीतरी वाईट बोलले. ती शांतपणे म्हणाली, "तिला पोहता येते. तेथे पाणी किती खोल आहे, हे आधी एक जण बुडी मारून पाहतो. ती कधी एकटी जात नाही. तू मामाबद्दल कधीच बोलली नाहीस आई, पण मी लहानपणभर त्याला घाबरले."

इतक्या वर्षांत त्या मुलाला कोणी मामा म्हटलेले मी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. एक मुलगा डोळ्यांना काच लावून तळ पाहून आला, त्याने अंगठा वर केला. माझी नात कडेला उभी राहिली, बराच वेळ राहिली. मागच्या मुली हसल्या नाहीत, ढकलले नाही. मग ती गेली. तिचे डोके पाण्यावर दिसेपर्यंतचा काळ मी येथे लिहू शकत नाही.

धक्क्याजवळ समुद्रातील जीवरक्षण करणाऱ्या संस्थेची एक पेटी आहे. ही संस्था १८९१ पासून काम करते. पेटीतील तरंगणारी जाकिटे कोणीही फुकट न्यावीत आणि परत ठेवावीत. आठ मीटरहून लहान होडी चालू असताना प्रत्येकाने असे जाकीट घातलेच पाहिजे, असा २०१५ पासून कायदा आहे. परतीच्या आदल्या आठवड्यात नातवाने त्यातून माझ्या मापाचे एक जाकीट शोधून आणले. मी होडीत बसणार नव्हते, तरी त्याने ते मला घातले, खालचा पट्टा आवळला, ओढून पाहिला.

पाणी अठरा अंश होते. वाळूवरून चालत मी कमरेपर्यंत आत गेले. नातवाने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, पाय उचल, मी मोजतो. मी उचलले. त्याला मराठी आकडे फक्त दहापर्यंत येतात. दहा झाले तेव्हा त्याने क्षणभर विचार केला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.