डबा पोचतो तिथवर

बारावीचा निकाल लागला की घराघरांत कॉलेजांची चर्चा सुरू होते. कटऑफ किती होता, पर्सेंटाइलला काय लागेल, प्लेसमेंट कुठली चांगली, कुठल्या ब्रँचला मागणी आहे. पोरं मोबाइलवर याद्या काढून बसतात आणि पाहुणेरावळे चहा पिता पिता त्यांत भर घालून जातात. या सगळ्या गलबल्याखाली दुसराच एक हिशोब चाललेला असतो, आणि तो सहसा स्वयंपाकघरात, रात्री, दोघांतच होतो. पोरगं राहील कुठं? जेवेल काय? तापानं फणफणलं तर धावत जाणार कोण? कॉलेजांची यादी मुलं करतात, गावांची यादी आईबापांनी आधीच केलेली असते. निर्णय बहुतेक वेळा या दुसऱ्या यादीवरच होतो. ती कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही, म्हणून मुलाला वाटत राहतं की आपण मार्कांमुळं अडलो.

आमच्या घरी हा हिशोब अगदी उघड होता. आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं, कोरडवाहू. मी बारावी झालो ते दिवस एकोणीसशे ऐंशीनंतरचे. त्या काळी आमच्या भागातली शिकणारी पोरं सांगली-मिरजेला खोली घेऊन राहायची आणि त्यांचं जेवण गावाहून एसटीनं यायचं. गावात रात्री मुक्कामी गाडी असे. ती पहाटे निघायची, म्हणून गावातल्या चार-सहा घरांतल्या चुली तिच्याही आधी पेटायच्या. भाकरी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, सणावाराला पोळी. डबा जर्मनचा, कडीचा, झाकणावर लाल ऑइलपेंटनं पोराचं नाव आणि गाव. ड्रायव्हरच्या केबिनीत, बॉनेटच्या बाजूला या डब्यांची चळत लागायची. सांगलीच्या स्टँडवर पोरं वाट बघत उभी असत. गाडी लागली की आपापलं नाव शोधायचं, भरलेला डबा उचलायचा आणि कालचा धुतलेला रिकामा कंडक्टरच्या हवाली करायचा. रिकाम्या डब्यात कधी चिठ्ठी असे: पैसे संपले, वह्या घ्यायच्यात, रविवारी येतो. भरलेल्या डब्यात उत्तर असे, किंवा फडक्याच्या गाठीत दोन-तीन नोटा. कालवण सांडलं की चिठ्ठी वाचता येत नसे. एसटीचा संप झाला की पोरं उपाशी, नाहीतर केळ्यांवर.

तेव्हा आमच्यासाठी उच्च शिक्षणाची हद्द एसटीच्या वेळापत्रकानं आखलेली होती. सकाळी निघालेला डबा ज्या गावी जेवायच्या वेळेत पोचेल आणि त्याच दिवशी रिकामा परत येईल, तिथवरचं कॉलेज आपलं. सांगली-मिरज हद्दीच्या आत, कोल्हापूर ऐन काठावर, पुणं बाहेर. आमचे सायन्सचे सर घरी येऊन वडलांना म्हणाले होते, "फर्ग्युसनला घाला ह्याला." वडलांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "ते खरं हो गुरुजी, पर डब्याचं काय?" सरांकडं त्याला उत्तर नव्हतं. मी विलिंग्डनला गेलो.

त्यात मी काही गमावलं असं मला वाटत नाही. गंमत अशी, की ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन काढलं, तिनंच १९१९ साली सांगली आणि मिरजेच्या मधल्या माळावर विलिंग्डन काढलं. सरांनी सुचवलेल्या कॉलेजचं सख्खं भावंड आमच्या डब्याच्या टप्प्यात येऊन बसलं होतं. कुणीतरी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी दक्षिणेकडं कॉलेज नेऊन ठेवलं नसतं, तर मी शिकलो असतो की नाही कुणास ठाऊक.

इथंच मला या विषयाची खरी मेख दिसते. बारावीनंतर कुठं जायचं हा आपण मुलाच्या हुशारीचा आणि आवडीचा प्रश्न मानतो. पण त्याच्यासमोर किती दारं उघडी असतात, हे त्याच्या जन्माआधी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. महाराष्ट्रात ही हद्द ज्यांनी ज्यांनी रुंदावली, त्यांनी ती दोन रीतींनी रुंदावली. कुणी कॉलेजच्या गावात खेड्यातल्या पोराची राहण्याजेवण्याची सोय केली, तर कुणी कॉलेजच पोराच्या जवळ आणलं.

पहिल्या रीतीचं मोठं उदाहरण कोल्हापूर. राजाराम कॉलेज तिथं १८८० पासून होतं, पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोरानं त्या गावात टेकायचं कुठं? शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना हात घातला. मराठा बोर्डिंग झालं, जैन बोर्डिंग झालं, मग मुस्लिम, लिंगायत, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून तिथल्याच जैन बोर्डिंगात राहिले. पुढं त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याला सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवणारं वसतिगृह चालवलं, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं तेव्हा त्याला 'कमवा आणि शिका'ची जोड दिली. शेतात राबायचं, विहिरीचं काम करायचं आणि त्यावर शिकायचं. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली तीही याच गरजेपोटी. पुण्यात कॉलेजांना तोटा नव्हता. खेड्यातून आलेल्या गरीब पोराला डोकं टेकायला जागा नव्हती.

दुसऱ्या रीतीचं उदाहरण मराठवाडा. निजामाच्या राज्यात तिथल्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे, नाहीतर पुणं-मुंबई. हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. म्हणजे मराठी पोरानं घरही सोडायचं आणि भाषाही. बाबासाहेब आंबेडकर स्वतः मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजात, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर शिकले. त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजलं गेलेलं कॉलेज. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ साली आलं. ज्या मुलाला हैदराबाद परवडत नव्हतं, त्याच्या दाराशी बाबासाहेबांनी कॉलेज नेलं.

पुढं १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि जवळच्या माळांवर इमारती उभ्या राहिल्या. अंतर मिटलं, फी वाढली. पूर्वी कर्नाटकात जाऊन पैसे भरणारा बाप आता आपल्याच जिल्ह्यात भरू लागला. ज्याच्याकडं पैसे नव्हते त्याच्या दृष्टीनं पलीकडच्या माळावरचं कॉलेजही पुण्याइतकंच लांब राहिलं.

मुलींची हद्द तर याहून आखूड. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिचा डबा सांगलीला पोचला असता, पण तिनं खोली घेऊन राहायचं हा विषयच निघाला नाही. ती तालुक्याच्या कॉलेजात एसटीनं अप-डाउन करून बी.ए. झाली. संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास ती नेहमी अर्ध्यावर सोडायची. आज मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तो बारावीपर्यंत. जिथून गाव सोडून पुढं जायचं, नेमका तिथं तो संपतो आणि सवलतीचा पास सुरू होतो. २०२४ पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. फार मोठा निर्णय आहे तो. पण फी माफ झाली की उरलेला खर्च उघडा पडतो. तो खोलीचा आणि मेसचा असतो.

हे मी परवा धाकट्या भावाच्या घरी पाहिलं. पुतणीला इंजिनिअरिंगला जायचं होतं. सीईटी चांगली गेली होती. कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन आम्ही तिघं तालुक्याच्या महा-ई-सेवा केंद्रात बसलो: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, जात वैधता. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. शेकडो ओळी भरता येतात त्यात. पण केंद्रातल्या पोरानं पहिल्यांदाच बजावलं, "पहिल्या ओळीतलं लागलं की ते घ्यावंच लागतंय, मग पुढच्या राउंडला बेटरमेंट नाही. तेवढी ओळ इचार करून सांगा."

पुतणी म्हणाली, पुणं. भाऊ म्हणाला, "पहिलं सांगली टाक. वालचंद काय कमी हाय का?" वालचंद कमी नाहीच. पण तो वालचंदसाठी बोलत नव्हता, हे मला कळत होतं आणि तिलाही. ती म्हणाली, "पप्पा, कॉलेजमुळं म्हणताय का खोलीमुळं?" भाऊ गप्प. केंद्रातला पोरगा माउसवरचा हात काढून दुसरीकडं बघायला लागला. मग भावानं खिशातली डायरी काढली. त्यात त्यानं आधीच मांडून ठेवलं होतं: होस्टेल मिळालं तर इतके, कॉट बेसिसवर राहिली तर इतके, मेस दोन वेळची इतकी, गावी यायचं भाडं इतकं. खाली बेरीज होती आणि बेरजेखाली दोन रेघा. पोरीनं ते पान वाचलं. म्हणाली, "हे मला आधी का नाही दाखवलं?"

त्यानंतर खरं बोलणं झालं. वसतिगृह निर्वाहभत्त्याची योजना आहे, ती आपल्याला लागू होते का? ओळखीची कुणाची पोरगी तिथं दुसऱ्या वर्षाला आहे का? पहिलं वर्ष काढलं तर पुढं काय? तासाभरानं पहिल्या ओळीत पुणं गेलं आणि दुसरीत सांगली. पहिल्या राउंडला तिला सांगली लागलं. ती आता सांगलीत शिकते आणि तिची कसलीही तक्रार नाही. पण हीच सांगली तिच्यावर गुपचूप लादली गेली असती, तर पुढच्या प्रत्येक नापसंत तासाला ती डायरीतलं न दिसलेलं पान आठवून बापावर रुसली असती.

लांबचं कॉलेज चांगलंच असतं, असं मी मानत नाही. गाव सोडलं की पोराला आपला वेळ आणि आपले पैसे आपणच सांभाळायची सवय लागते, वेगळ्या घरांतली, वेगळ्या बोलीची माणसं भेटतात, हे खरं. तितकंच हेही खरं, की नुसत्या नावासाठी गेलेली किती तरी पोरं सदाशिव पेठेतल्या एका कॉटवर तीन वर्षं काढतात आणि कॉलेजच्या ग्रंथालयाची पायरीही चढत नाहीत. सकाळी कॉलेज, दुपारी कुठंतरी काम आणि रात्री मेसच्या रांगेत. जवळच्या कॉलेजात एखादा जीव तोडून शिकवणारा मास्तर भेटला तर तो मोठ्या नावाच्या दहा इमारतींना भारी पडतो. मला तसा भेटला. म्हणून कॉलेजचा क्रमांक बघावा, पण त्यावरच निकाल लावू नये. गाव बघावं. तिथं पोरगं संध्याकाळी काय करेल, वाचायला कुठं बसेल, कुणात मिसळेल, हे बघावं.

त्यासाठी काही साध्या गोष्टी करण्यासारख्या आहेत. ओपन डे असेल तेव्हा जाऊ नये, साध्या मंगळवारी-बुधवारी जावं. प्राचार्यांना भेटण्याआधी कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या पोरांशी बोलावं; पहिल्या वर्षाची पोरं हुरळलेली असतात आणि शेवटच्या वर्षाची निघण्याच्या घाईत. ग्रंथालय रात्री कितीपर्यंत उघडं असतं ते विचारावं. वसतिगृहात जागा किती, यादी केव्हा लागते, नाव आलं नाही तर पोरं कुठं राहतात, हे फीच्या आधी विचारावं. आणि निघण्याआधी घरातली डायरी पोराच्या हातात द्यावी. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं घरचा हिशोब समजून घेऊ शकतं. त्याला तो न दाखवता आपण परस्पर निर्णय घेतो आणि वर 'तुझ्या मनासारखं कर' म्हणतो, हे बरोबर नाही.

शेवटी एक मागणं, माझ्या वयाच्या वाचकांकडं. आपल्यातले बरेच जण कुठल्यातरी बोर्डिंगात, समितीच्या वसतिगृहात, नाहीतर कुणाच्या तरी घरात राहून शिकले. ती वसतिगृहं अजून चालू आहेत, आणि दर जूनमध्ये तिथल्या जागांपेक्षा अर्ज जास्त येतात. शाळेच्या स्नेहमेळाव्यात आपण हौसेनं वर्गणी काढतो, तशी एका मुलीच्या किंवा मुलाच्या वर्षाच्या राहण्याजेवणाचीही काढावी. त्या पोराला पहिल्या ओळीत मनातलं कॉलेज लिहिता यावं, एवढं तर आपण करूच शकतो.